उन्हात बघणाऱ्या टिपणीसबाई

चौक गावात, जुन्या हायवेवरच्या गॅरेजांच्या रांगेत, पंक्चरच्या दुकानाला चिकटून एक दवाखाना होता. त्या दवाखान्यात पेशंट आत फार वेळ टिकत नसे. पोराच्या अंगावर पुरळ आहे एवढं कानावर पडलं की डॉक्टर इंदू टिपणीस, म्हणजे आमच्या टिपणीसबाई, खुर्चीवरून उठायच्या आणि पोराचं बोट धरून त्याला सरळ बाहेर आणायच्या. रस्त्याच्या कडेला, उन्हात. शर्ट वर, हात पुढे, आता पाठ कर, आता जीभ दाखव. बाजूने ट्रक धडधडत जायचे, ड्रायव्हर वाकून बघायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं.

"साडी आणि पुरळ दिवसाउजेडी बघावं," त्या म्हणायच्या. "दुकानातल्या दिव्याखाली दोन्हींचा रंग फसवतो."

त्यामुळे चौकमध्ये कोणाच्या पोराला काय झालंय हे आख्ख्या गॅरेजांच्या रांगेला कळायचं. पंक्चरवाला नामदेव तर हातातला टायर टाकून पुढे यायचा आणि न विचारता निदान करायचा.

"गोवर हाय, बाई."

"मागच्या आठवड्यातही तुला गोवरच दिसला होता. त्या घामोळ्या निघाल्या."

"पन ह्यो गोवरच हाय."

"नामदेव, तू हवा भर."

नामदेवचं निदान कधीही बरोबर आलं नाही आणि त्याने कधीही ते करायचं सोडलं नाही. बाईंना तो आवडायचा. "माणसाला मत असावं," त्या म्हणायच्या, "चुकीचं असलं तरी. गप्प बसणाऱ्या पेशंटची मला भीती वाटते."

बाई कर्जतच्या. घरात वकील, मास्तर, पुन्हा वकील. त्यांनी लहान मुलांच्या डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईत घेतलं आणि चौकला दवाखाना थाटला, तेव्हा घरचे म्हणाले होते की ट्रकवाल्यांच्यात काय करणार? बाईंचं उत्तर असं की ट्रकवाल्यांनाही पोरं होतात. ठेंगण्या, रुंद, आवाज पितळी. सुती साडी, पायात चक्क कॅनव्हासचे बूट. थर्मामीटर होता, पण तो दुय्यम. आधी पोराच्या गालाला उलटा हात लावायचा. तळहात नाही, मागची बाजू. "तळहात कामाला लागून निबर होतो, तो खोटं बोलतो. हाताची पाठ कामाला लागलेली नसते, ती खरं सांगते." पोर असो, आई असो, औषधकंपनीचा टाय लावलेला माणूस असो, समोर आला की गालाला उलटा हात. कितीतरी मोठी माणसं त्या स्पर्शाने गडबडून जायची.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य हे की त्या बहुतेक वेळा काहीच द्यायच्या नाहीत. सुई नाही, सलाईन नाही, लाल बाटली नाही. विषाणूच्या बहुतेक आजारांना त्या 'पाहुणा' म्हणत. "पाहुणा आलाय. चार दिवस राहील, पसारा करेल, जाईल. हाकलता येत नाही. पाणी पाजा, झोपू द्या, खाजवू देऊ नका. पाहुणा डोक्यावर बसला, पोर मलूल झालं, पाणीही पोटात ठरेना, तर मात्र धावत माझ्याकडे या."

एकदा एक शेतकरी बाप वैतागला. "सुई नाय, गोळी नाय. मंग आमी येवढ्या लांबून आलो कशाला?"

"मी बघावं म्हणून. बघितलं."

"नुस्तं बघितलं?"

"अरे, नुसतं बघायलाच तर शिकायला लागतं. टोचायला काय, मधमाशीही टोचते."

तो हसला नाही. पण पुढच्या वेळी धाकट्याला घेऊन पुन्हा आला. निघताना तो सवयीने "येतो बाई" म्हणाला आणि बाई कडाडल्या. आपल्याकडे निघताना जातो म्हणणं अशुभ, येतो म्हणायचं. बाईंच्या दवाखान्यात उलटा कायदा. "इथून निघताना येतो म्हणायचं नाही! जातो म्हणायचं. मला तुमची तोंडं परत बघायची नाहीत." पोरांना हे भयंकर आवडायचं. दारातून बाहेर पडताना ती गळा काढून ओरडायची, "जातो बाई! जातो!" म्हाताऱ्या कानावर हात ठेवायच्या.

आता मी इथे कुठून आले ते सांगते. मी पत्रकांवर वाढले. आईबाबांची एक छोटी संघटना आहे. कर्जतच्या आमच्या दोन खोल्यांत भाताच्या पिंपापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं शिकले ती 'धिक्कार' आणि 'निषेध' या शब्दांवर. सात वर्षांची असताना माझ्या काखेत आणि दंडावर मोत्यांसारखे गुळगुळीत दाणे उठले, प्रत्येकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा. शेजारच्या काकूंनी पाहिलं, म्हणाल्या चामखीळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेरळहून माथेरानच्या घोड्याच्या शेपटीचे केस आणले. एकेका दाण्याला केस करकचून बांधायचा, दाणा गळून पडतो. आईने काकूंना चहा दिला आणि मला घेऊन चौक गाठलं.

बाईंनी मला उन्हात उभं केलं. नामदेव म्हणाला, "गोवर."

"ह्या चामखिळी नाहीत," बाई आईला म्हणाल्या. "विषाणूच आहे, पण वेगळा. एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जातो. टॉवेल वेगळा ठेवा. फोडायचं नाही, खाजवायचं नाही. आपोआप जाईल, पण महिने घेईल. घोड्याचा केस घोड्याला राहू द्या, त्याला माशा हाकलायला लागतो."

आई गप्प बसणारी नाही. डाग राहतील का, शाळेत पाठवू का, आपोआप म्हणजे कसं, शरीर काय करतं? बाई खुलल्या. बराच वेळ दोघी रस्त्यावर उभ्या राहून बोलत होत्या आणि मी शर्ट वर करून. शेवटी सगळं नीट लिहून द्यायला बाईंना कागद सापडेना. आईने पिशवीतून पत्रक काढून दिलं. मागची बाजू कोरी. बाईंचे डोळे लकाकले. "असे अजून आहेत?"

तेव्हापासून आमच्या घरातली उरलेली पत्रकं चौकला जाऊ लागली. कित्येक वर्षं खालापूर तालुक्यातले लोक जो कागद घरी नेत, त्याच्या एका बाजूला 'नखं कापा, टॉवेल वेगळा' आणि दुसऱ्या बाजूला 'जुलमी भाडेवाढ रद्द झालीच पाहिजे!' असे. बाबा म्हणायचे, आपला एवढा प्रसार कार्यकर्त्यांनीही केला नाही. बाई मला नावाने हाक मारत नसत. "काय गं पत्रक, दाणे गेले?"

पण बाईंचं आणि बाबांचं एकदा कडाक्याचं वाजलं. डोंगराखालच्या एका गावात कांजण्यांची साथ होती, बाबा बाईंबरोबर गेले होते आणि मीही. एका दाराला कडुलिंबाचा टाळा, म्हणजे पाल्याची डहाळी, बांधलेला. आत अंगभर फोड आलेला मुलगा, आणि त्याची आजी. "बया आली हाय घरात. ती जाईपत्तुर फोडणी नाय, आंघोळ नाय."

बाबा बोलायला तोंड उघडणार तोच बाईंनी विचारलं, "आजी, बया पाहुणी ना?"

"पाहुनीच गं."

"मग घरी आलेल्या पाहुणीला आंघोळीला पाणी विचारणार नाही? असं वागता होय तुम्ही पाहुण्यांशी?"

आजी विचारात पडली. त्या घराच्या अब्रूचा प्रश्न होता. थोड्या वेळाने लिंबाचा पाला टाकलेलं कोमट पाणी निघालं, मुलाची आंघोळ झाली, फोडांवरचा चिकटा धुतला गेला, आणि तो पहिल्यांदा खाजवायचं थांबून झोपला.

परतीच्या वाटेवर बाबा पेटले. "तुम्ही डॉक्टर असून देवीला मान्यता देता?"

"मी आंघोळ घातली."

"आणि दारावरचा टाळा? तो काढायला सांगायला हवा होता."

"वेडे आहात का? टाळा आहे म्हणून शेजारची पोरं घरात येत नाहीत, पोटुशी बाई उंबरा ओलांडत नाही. तुमच्या कुठल्या पत्रकाने एवढं काम केलंय?"

मला बाईंचं म्हणणं तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. चुकीच्या कारणाने केलेली बरोबर गोष्ट पुढच्या वेळी चुकीची गोष्टही करवते, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. पण त्या मुलाची त्या दिवशी आंघोळ झाली. बाबांच्या भाषणाने ती झाली नसती. हेही लिहायलाच हवं.

आणि मग कळंबच्या पुढच्या त्या शाळेचं प्रकरण.

जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, पटांगण. तिथे घरत नावाचे सर होते. एके काळचे कबड्डीपटू, अजूनही दार भरेल असा देह, आणि हात सुपाएवढे. एका सकाळी दुसरी-तिसरीतल्या बऱ्याच मुलांचे गाल लालबुंद दिसले. दोन्ही गाल, सुजल्यासारखे, जणू कोणी फडाफड चापट्या मारल्यात. एका आईने विचारलं, "सरांनी मारलं काय रं?" पोर आधी गप्प, मग आई हलवायला लागल्यावर म्हणालं, "हां." अर्ध्या तासात गाव शाळेत. कोणीतरी सरांना वर्गात कोंडून बाहेरून कडी घातली. सरांची बदली नव्हे, नोकरीच घालवायची, पोलिसांत द्यायचं, असं ठरलं. आईला फोन आला. आमच्या घरी असा फोन आला की काय होतं ते मला पाठ आहे. दुपारच्या आत पत्रक छापून तयार: 'लेकरांच्या गालांवर हे कोणाचे हात?' फक्त डॉक्टरचा दाखला हवा होता. तो मिळाला की पत्रक वाटायचं.

तोवर मी स्कूटर चालवण्याएवढी मोठी झाले होते, ती काढली. डिकीत पत्रकांचा गठ्ठा, मागे टिपणीसबाई मांडीवर बॅग घेऊन. वाटेत रिसॉर्टच्या पाट्या लागत होत्या.

"ह्या प्रत्येक पाटीवर धबधबा का गं काढतात? धबधबा यांच्या बापाचा आहे?"

"बाई, मुलांना मारलंय तिथे."

"बघू. आधी बघू."

शाळेत पोचलो तर आई आधीच आलेली. सगळ्यांत पुढे पोराला पहिल्यांदा विचारणारी ती आई, सुरेखा, आवाज असा की कौलं हलावी. "बाई, तुमी फकस्त लिवून द्या. ह्याला आज सोडत नाय आमी."

"मुलं कुठायत? सावलीत कशाला बसवलीत? उन्हात आणा."

मुलं भिंतीला ओळीने उभी राहिली. बाई एकेकासमोर वाकल्या, उलटा हात गालाला लावत गेल्या. एका सावळ्या मुलापाशी थांबल्या. "याला नाही मारलं?"

"नाय, ह्येचं गाल लाल नाय झालं," त्याची आई म्हणाली.

"हाच सगळ्यांत जास्त तापलाय. सावळ्या गालावर लाली दिसत नाही, एवढंच." बाईंनी त्याची बाही वर सरकवली. दंडावर फिकट नक्षी, विणलेल्या जाळीसारखी. मग दुसऱ्याची बाही, तिसऱ्याची. दोघातिघांच्या हातांवर तीच जाळी. बाई सरळ उभ्या राहिल्या.

"सर डावखुरे आहेत?"

"नाय."

"मग उजव्या हाताच्या माणसाने मारलं तर पोराचा डावा गाल लाल व्हायचा. इथे दोन्ही सारखे. बोटांचा वळ कुठेच नाही. सुरेखा, तू तुझ्या पोराला कशी मारतेस? दाखव बरं."

सुरेखाने क्षणाचाही विचार न करता सराईतपणे हात उचलला. तिचा मुलगा यश त्याहून सराईतपणे खाली बसला. आख्खं पटांगण हसलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "ह्या बाबतीत तज्ज्ञ आहे ती. तिच्या हातानेसुद्धा असे दोन्ही गाल होणार नाहीत. हा ताप आहे. विषाणूचा. पाहुणा. इंग्रजीत ह्या दुखण्याला चापट खाल्लेले गाल असंच म्हणतात. नाव ठेवणाऱ्या डॉक्टरांनाही पहिल्यांदा तेच वाटलं असणार. आणि गंमत ऐका, गाल लाल होईस्तोवर पाहुणा निघून गेलेला असतो, मागे फक्त उष्टी भांडी. आता ह्या मुलांकडून दुसऱ्याला लागण होत नाही. शाळा भरू द्या."

कडी निघाली. घरत सर बाहेर आले, घामाने चिंब. कोणीतरी म्हणालं, "सुटलं सर." हायसं वाटल्याचा आवाज सगळीकडून आला. मला मात्र डिकीतल्या गठ्ठ्याचं ओझं जाणवलं. आईचा चेहरा उतरला होता.

पण बाई यशपाशी उकिडव्या बसल्या. "तू हां म्हणालास. सरांनी आज मारलं?"

"नाय."

"काल?"

"नाय."

"मग कधी?"

"गणपतीच्या आदी. पाढा चुकलो तवा."

"आणि तुला?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं. तिने नुसती मान हलवली. ओळीतल्या बऱ्याच माना हलल्या.

बाई उठल्या, गुडघा धरून. "सर, आजच्या गालांतून तुम्ही सुटलात. पण एक सांगा, एवढं सगळं गाव एका सकाळीत तुमच्यावर कसं उलटलं? माझ्यावर का नाही उलटत? मी तर पोरांना लस टोचतेसुद्धा."

सर पुटपुटले, "वळण लावायला लागतं, बाई."

"वळणं बोरघाटात बघा. किती गाड्या खाली दरीत जातात ते मोजायला माणूस ठेवावा लागेल."

सर आपल्या हातांकडे बघत राहिले, आणि त्यांना ते कुठे ठेवावे कळेना.

मग बाईंचा सूरच बदलला. "आता सगळ्या बायकांनी ऐका. तुमच्यात पोटुशी कोण आहे?"

शेवटी सुरेखा म्हणाली, "मी. चौथा चालू हाय." तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

बाईंनी तिच्या गालाला उलटा हात लावला. "मुलांना हा पाहुणा काही करत नाही. पोटातल्या बाळाला क्वचित त्रास देतो. घाबरायचं नाही, पण रक्त तपासायचं, आणि आजच. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात मी फोन करते. इथे गाडी कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. शाळेच्या कुंपणाशी एकच गाडी उभी होती, सरांची.

"ह्याच्या गाडीत? मी?" सुरेखा म्हणाली.

"बस. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील, सगळ्यांत बरं."

आणि अशा रीतीने ज्या माणसाला मारायला सुरेखा आली होती, तोच तिला खड्डे चुकवत कर्जतला घेऊन गेला. पुढे तपासण्या होत राहिल्या. मुलगी झाली, ठणठणीत, आवाज आईचा.

त्या दुपारी आई शाळेच्या पायरीवर बसून राहिली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या. "पत्रकं फेकू नका. मागची बाजू कोरी आहे."

"मागच्या बाजूला काय लिहायचं? आमचं चुकलं?"

"तेही लिहा."

आईने लिहिलं. एका बाजूला छापील 'लेकरांच्या गालांवर हे कोणाचे हात?' आणि मागे, हाताने लिहून झेरॉक्स काढलेलं: हे हात कोणाचेच नाहीत, हा विषाणूचा ताप आहे, आम्ही घाईने संशय घेतला, आणि तरीही कोणत्याही मुलाला कोणीही मारता कामा नये, शाळेत नाही आणि घरातही नाही. ते वाटायला मी गेले तेव्हा एक बाई वाचून म्हणाली, "घरात पन नाय? मंग आमी करायचं काय?" मी तिला माझ्या पद्धतीने लांबलचक सांगितलं. तिने ऐकून घेतलं, एवढंच म्हणते.

बाईंनी मागच्या थंडीत दवाखाना बंद केला. गुडघे थकले होते. लेक नाशिकला, ती न्यायला आली. निघायच्या आदल्या सकाळी बाईंचा मला फोन. "पत्रक, स्कूटर काढ. मला ती शाळा बघायची आहे."

आम्ही पोचलो तेव्हा परिपाठ संपत होता. मुलं ओळीने वर्गात जात होती आणि दारात घरत सर उभे होते. प्रत्येक पोर सरांपुढे थांबायचं, तोंड वर करायचं, सर त्याच्या गालाला हात लावायचे. उलटा. सुपाएवढा हात, मागच्या बाजूने, फुंकर घालावी तसा. "जा. जा. तू थांब रं, तुला कसकस हाय. आईला बोलवू." पहिलीतली पोरगी पुढे आली. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत.

बाई फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. मग कॅनव्हासचे बूट ओढत त्या पटांगणात गेल्या आणि ओळीच्या शेवटी, एका दप्तराच्या मागे, उभ्या राहिल्या. मुलं खिदळली. ओळ सरकत सरकत त्यांच्यापर्यंत आली. बाईंनी तोंड वर केलं.

सर गोंधळले. मग त्यांनी हात उलटा करून बाईंच्या सुरकुतलेल्या गालाला लावला.

"ताप नाय, बाई."

"नक्की?"

"नक्की."

"मग येते," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

वर्गात हलकल्लोळ झाला. यातली कितीतरी पोरं चौकच्या त्या दारातून ओरडत बाहेर पडलेली. खिडकीच्या गजांत तोंडं घालून ती किंचाळायला लागली, "बाई, जाते म्हणायचं! जाते म्हणा, जाते!"

बाई पटांगणाच्या मधोमध, उन्हात थांबल्या. मागे वळून त्यांनी पितळी आवाजात सगळ्यांना दम भरला.

"तो कायदा दवाखान्यातला आहे, गाढवांनो! शाळेतून निघताना येतेच म्हणायचं."